साप, कुत्रा, मांजर आणि मधले दार

पौड मागे टाकून ताम्हिणीच्या रस्त्याला लागले की माले लागते. मुळशी धरणाच्या परिसरातले हे गाव भाताचे, पावसाचे आणि अलीकडे बंगल्यांचेही. गावातल्या जुन्या घरांत पडवीत कुत्रा, चुलीच्या उबेला मांजर, मागच्या दारी खुराड्यात कोंबड्या आणि गोठ्यात दोन-चार जनावरे हा संसार पिढ्यान्‌पिढ्यांचा. डोंगरउतारावरच्या शनिवार-रविवारच्या बंगल्यांत पुण्या-मुंबईहून गाडीत बसून येणारी कुत्री-मांजरे ही त्यात पडलेली नवी भर. शहरांत याच काळात आणखी एक हौस मूळ धरते आहे. काचेच्या पेटीत परदेशी साप पाळायचा, आणि तो मांडीवर घेऊन, शेजारी मांजर बसवून चित्रफीत काढायची. खाली लोक लिहितात, ‘काय मैत्री आहे!’

घरात कुत्रा-मांजर असताना साप पाळला तर चालेल का, असा प्रश्न म्हणूनच आता विचारला जातो. माल्यातल्या जुन्या घराला हा प्रश्न ऐकून हसू येईल. तिथे साप पाळावा लागत नाही. आषाढात तो आपणहून येतो. पण दोन्ही घरांची अडचण मुळात एकच आहे. एका छपराखाली साप आणि दुसरे जनावर सुखरूप राहायचे असेल, तर त्यांची ओळख करून देऊन, सवय लावून किंवा साप गरीब आहे अशी खात्री बाळगून काही साधत नाही. दोघांच्या मधे बंद होणारे दार लागते. ते नसेल तर मरणारा बहुतेक वेळा सापच असतो, कधी कुत्रा, आणि क्वचित त्यांना सोडवायला धावलेला माणूस.

आधी कायद्याचे. आपल्याकडचे रानातले साप पकडणे, पाळणे, विकणे किंवा मारणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. त्यात नाग आला तशी मुळशीच्या बांधावर दिसणारी धामणही आली, आणि पैशांचा पाऊस पाडतो म्हणून काही लोक घरात दडवून ठेवतात ते बिचारे मांडूळही. मांडुळाच्या शेपटीचे टोक बोथट असते, म्हणून त्याला दोन तोंडे आहेत असा समज पसरला. त्या समजापायी हा निरुपद्रवी साप पोत्यात, माठात, पिंपात कोंडला जातो. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत शिक्षा तीन ते सात वर्षांच्या कैदेची आहे. बॉल पायथनसारखे परदेशी साप या बंदीत येत नाहीत, पण मोकळीक तिथेही नाही. जून २०२० मध्ये केंद्राने असे प्राणी स्वेच्छेने जाहीर करण्याची मुभा दिली. पुढे कायद्यात २०२२ ची दुरुस्ती झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम आले. त्यानुसार आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या, म्हणजे साइटिसच्या यादीतला जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करणे बंधनकारक आहे. त्याची पिल्ले, त्याचा मृत्यू, तो दुसऱ्याला देणे, हे सारे कळवावे लागते. विकणारा ‘कागद लागत नाहीत’ म्हणाला, तर व्यवहार तिथेच थांबवलेला बरा.

हौशी लोकांमध्ये बॉल पायथन लोकप्रिय आहे. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला अजगर लांबीला मीटर-सव्वा मीटर भरतो, नीट ठेवला तर वीस-पंचवीस वर्षे जगतो आणि सहसा चावत नाही. घाबरला की डोके मधे घेऊन चेंडूसारखा गोळा होतो. नावही त्यावरूनच पडले. मैत्रीच्या चित्रफितींत जो ‘शांत’ साप दिसतो, तो पुष्कळदा हाच गोळा झालेला साप असतो. बघणाऱ्याला तो निवांत वाटतो. प्रत्यक्षात पळायला जागा नाही म्हणून त्याने शेवटचा उपाय केलेला असतो. सापाला भुवया नाहीत, आवाज नाही, शेपूट हलवून नाराजी सांगण्याची कुत्र्यासारखी सोयही नाही. त्याचे दुःख माणसाला वाचता येत नाही, म्हणून ते नाहीच असे समजले जाते.

शेजारी मांजर आहे हे सापाला डोळ्यांनी पाहावे लागत नाही. जिभेने हवेतले कण टिपून तो वास घेतो. जमिनीची थरथर त्याला जबड्याच्या हाडांतून कळते. या अजगराच्या ओठांवर तर उष्णता टिपणारे खड्डेच असतात, त्यामुळे ऊबदार अंगाचा प्राणी अंधारातही त्याला ‘दिसतो’. मांजरालाही पेटीचे आकर्षण असतेच. सापासाठी पेटी तापवलेली असते, तिचे झाकण कोमट असते, आणि पावसाळ्यात कोमट जागा सोडेल ते मांजर कसले! ते झाकणावर जाऊन बसते. चार किलोच्या मांजराने जाळीचे झाकण वाकते, नाहीतर सरकते. वाकले नाही तरी खाली साप चोवीस तास शिकाऱ्याच्या सावलीत असतो. तो खाणे सोडतो, लपणीतून बाहेर येत नाही, काचेवर नाक घासून जखम करून घेतो. मालक म्हणतो, ‘हा मुळातच कमी खातो.’ बॉल पायथन महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो हे खरे असल्याने आजार उशिरापर्यंत लक्षातही येत नाही.

नखाचा एक ओरखडा उठला तर गोष्ट त्याहून वाईट होते. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू सहज असतात. दाताची टोचणी सुईएवढी दिसते, वरून बुजते आणि आत पू धरते. सापाचे शरीर बाहेरच्या तापमानावर चालते, त्यामुळे जखम भरणेही संथ. कुत्र्याची तऱ्हा वेगळी. तो पकडतो आणि झटकतो. सापाच्या कण्यात शेकडो मणके असतात. दोन झटके पुरतात. हे करताना कुत्रा रागावलेलाच असतो असे नाही. दोरी ओढण्याचा खेळ त्याला घरानेच शिकवलेला असतो.

उलट बाजूने धोका किती? बॉल पायथन मोठे मांजर गिळत नाही. पण हॅमस्टर, पांढरा उंदीर, मांजराचे नवजात पिल्लू किंवा पिंजऱ्यातला पक्षी हे त्याच्या लेखी पाळीव प्राणी नसून अन्न आहे. सशाला कुरवाळून त्याच हाताने साप उचलणाऱ्याला तो चावला, तर सापाने चूक केली असे म्हणता येणार नाही. हाताला वास सशाचा होता.

आणखी एक धोका दिसत नाही. सापांच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू बहुधा असतातच, आणि साप त्याने आजारी दिसत नाही. विष्ठेतून ते पेटीतल्या पाण्यात, तिथून भांडी धुण्याच्या मोरीत आणि मोरीतून कुत्र्याच्या ताटलीत पोचतात. या जिवाणूच्या प्रकारांना ते जिथे सापडले त्या गावांची नावे देण्याची पद्धत होती. त्यातला एक प्रकार आपल्या पुण्याच्या जुन्या नावाने ओळखला जातो, ‘साल्मोनेला पूना’. अमेरिकेत २०११ ते २०१३ या काळात छोट्या पाळीव कासवांमुळे साल्मोनेलाच्या ज्या साथी पसरल्या, त्यांत हा ‘पूना’ही होता आणि रुग्णांत लहान मुले मोठ्या संख्येने होती. पाच वर्षांखालचे मूल असलेल्या घरात सरपटणारे प्राणी नकोत, असे तिथल्या आरोग्य यंत्रणा सांगतात. सापाची पेटी, पाण्याचे भांडे, चिमटे स्वयंपाकघराच्या मोरीत कधीच धुऊ नयेत. हात साबणाने धुवावेत, साप हाताळल्यावर तर नक्कीच, पण आधीसुद्धा. कुत्र्याच्या किंवा गुरांच्या गोचिडांवर फवारायच्या औषधांतली काही द्रव्ये सापाला बाधतात, आणि फवारणी करून आलेला हात ती पेटीपर्यंत नेतो.

तेव्हा कागदपत्रे पक्की असलेला परदेशी साप घरात असेलच, तर त्याला स्वतंत्र खोली हवी. दाराला खाली फट नको आणि कडी आपोआप लागणारी हवी. पेटीला कुलूप हवे; साप नाकाने झाकण उचलतो, हे ज्याचा हरवला त्यालाच पटते. मेलेला, गोठवलेला उंदीर खायला घालावा. जिवंत उंदीर सापालाच चावतो, डोळे फोडतो. एवढी जागा ज्या घरात नाही, त्या घराने कुत्र्या-मांजरावर समाधान मानावे. हे मत कडक वाटेल, पण शहरातल्या दोन खोल्यांत सगळ्यांनाच ‘फॅमिली’ म्हणवणाऱ्या हौसेची किंमत त्या हौसेत काहीही मत नसलेला प्राणी मोजतो.

हा साप मुळशीत आणला तर अडचणीत विजेची भर पडते. या अजगराला पेटीच्या एका टोकाला ३१-३२ अंश ऊब लागते. ताम्हिणीत जुलै २०२४ मध्ये एका दिवसात ५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अशा दिवसांत या पट्ट्यात वीज जाते ती कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. ऊब देणारी चटई बंद पडली की खाल्लेला उंदीर पचत नाही, साप तो ओकतो, दमट गारठ्यात त्याच्या फुप्फुसांना संसर्ग होतो. मग रविवारी संध्याकाळी परत निघताना कुणाच्या तरी मनात येते, की एवढे जंगल आहे, सोडून देऊ. हे मुळीच करू नये. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत पाळीव म्हणून आणलेले बर्मी अजगर सुटले, सोडले गेले आणि फोफावले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथे रकून आणि ओपॉसम दिसण्याचे प्रमाण ९८-९९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. आफ्रिकेतला अजगर मुळशीच्या पावसात तसा फोफावेल असे नाही, बहुधा मरेल. पण तो आपल्यासोबत आणलेले रोग इथल्या सापांना देऊन मरू शकतो, आणि ताम्हिणीचे अभयारण्य त्यासाठी केलेले नाही.

बंगल्यांतून आता गावात यायचे, कारण रानसाप आणि पाळीव जनावरांची खरी गाठ तिथे पडते. भाताची खाचरे, बेडूक, उंदीर, पेंढ्याच्या गंजी, गोवऱ्यांचा हुडवा: सापाला हवे ते सगळे घराभोवती आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार मोठे विषारी. धामण, दिवड, नानेटी, तस्कर, कवड्या हे बिनविषारी. मण्यारीसारखा दिसतो म्हणून कवड्या आणि घोणशीसारखा दिसतो म्हणून डुरक्या घोणस विनाकारण मारले जातात. पाळीव जनावरांच्या दृष्टीने घोणस अवघड. ती पळत नाही, वेटोळे करून फुत्कारत बसते, आणि कुत्र्याला तो फुत्कार आव्हानासारखा वाटतो. शिवाय ती अंडी न घालता जिवंत पिल्ले देते, एका वेळी वीस-तीसही. पावसाळ्यात ही वीतभर पिल्ले विषासकट अंगणात फिरतात. मांजर ती खेळायला उचलते.

पुण्याला सापांची भीती कमी करण्याचा मोठा वारसा आहे. नीलिमकुमार खैरे १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास राहिले, आणि पुढे कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हा धडा त्यातून महाराष्ट्राने घेतला आणि तो बरोबरच आहे. मात्र त्या धड्याची दुसरी बाजू सांगायची राहते. खैरे यांना स्वस्थ बसता येत होते. कुत्र्याला ते जमत नाही. वास घेण्यासाठी तो नाक पुढे नेतो, म्हणून त्याला दंश होतो तो नाकावर, ओठावर, पुढच्या पायावर. भुंकून तो घरच्यांना जागे करतो हे त्याचे उपकार खरेच, पण मग घरातले माणूस अनवाणी, विजेरी न घेता, अंधारात त्याला मागे ओढायला जाते. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांत बहुसंख्य खेड्यातली. कुत्र्या-मांजरांचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

मांजर त्या मानाने चिवट. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये तिथल्या ईस्टर्न ब्राऊन स्नेक या विषारी सापाच्या दंशाबद्दल एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रतिविष न मिळताही ६६ टक्के मांजरे वाचली होती, कुत्री मात्र ३१ टक्केच. रक्तावर विषाचा परिणाम कुत्र्यांत अधिक वेगाने होतो, हे त्याचे एक कारण निघाले. दुसरी कारणे कुठल्याही घरात पाहता येतात: मांजर पंजा मारते, कुत्रा नाक खुपसतो, दंश झाल्यावर मांजर कोपऱ्यात पडून राहते, कुत्रा धावत सुटतो आणि विष अंगभर फिरवतो. अर्थात हा साप आपल्याकडे नाही, तेव्हा आकडे जसेच्या तसे मुळशीला लावता येणार नाहीत. ‘मांजराला साप काही करत नाही’ असा अर्थ तर मुळीच काढू नये. मांजर दुसरीच पीडा आणते: अर्धमेली मण्यार तोंडात धरून घरात, झोपलेल्यांच्या अंथरुणाजवळ टाकते. मण्यारीचा चावा दुखत नाही, सुजत नाही, आणि सकाळी श्वास अडकतो. पावसाळ्यात रात्री मांजराला येण्या-जाण्यासाठी खिडकी उघडी ठेवण्याची सवय म्हणूनच मोडायला हवी.

लोक उपाय करत नाहीत असे नाही. भलते करतात. घराभोवती फिनेल ओततात, डांबराच्या गोळ्या टाकतात, गंधक पसरतात. साप यांना जुमानत नाही. ओले झालेले पंजे चाटून फिनेल पोटात जाते ते मांजराच्या; त्यातली फिनॉलसारखी द्रव्ये निष्प्रभ करण्याची ताकद मांजराच्या यकृतात फारच थोडी असते. डांबराची गोळी कुत्र्याने खाल्ली तर त्यालाही विषबाधा होते. सापासाठी केलेला उपाय घरच्याच जनावराला मारतो, आणि दोष मात्र सापावर जातो. उंदरांचे औषध तसेच: ते खाऊन लटपटणारा उंदीर मांजर सहज पकडते. बंगल्यांच्या भाजीच्या वाफ्यांभोवती लावलेली बारीक प्लॅस्टिकची जाळी हा आणखी एक नवा सापळा. धामण तीत अडकते, सुटायच्या धडपडीत कापली जाते, आणि अडकलेल्या सापावर कुत्रा हमखास तुटून पडतो.

करायच्या गोष्टी साध्या आहेत, फक्त त्या रोज कराव्या लागतात. कुत्र्याची उरलेली भाकरी-दूध रात्री पडवीत ठेवू नये. त्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. सापाला दुधात रस नाही. कोंबड्यांचे दाणे झाकणाच्या डब्यात असावेत. खुराडे जमिनीपासून दोन हात वर असावे आणि जाळीची भोके बोट जाणार नाही इतकी बारीक. अंडी संध्याकाळीच उचलावीत. सरपण आणि गोवऱ्या घराच्या भिंतीला टेकून रचण्याची रीत सोयीची असली तरी ती सापाची ओसरी आहे. चार पावले लांब, विटांवर रचले तर भिंतीकडेला साप मुक्कामाला राहत नाही. मोरीच्या तोंडाला जाळी, दाराखालच्या फटीला रबराची पट्टी.

कुत्र्याच्या साखळीबद्दल मात्र थोडे थांबून बोलायला हवे. मुळशीत रात्री कुत्रा पडवीच्या खांबाला बांधतात. बिबट्याच्या भीतीने बांधतात, कुठे शेजाऱ्यांच्या तक्रारीमुळे. बांधलेल्या कुत्र्याला साप दिसला तर मागे सरायला साखळीएवढीच जागा असते, आणि सापाला भिंत व कुत्रा यांच्यामधून निसटायला तेवढीही नसते. दोघेही कोंडीत सापडतात, आणि दंश होतो. दार लागणारी, जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांची कुत्र्याची खोली गोठ्याच्या एका कोपऱ्यात सहज होते. तिचा खर्च एका दंशाच्या उपचारापेक्षा खूपच कमी. बिबट्यापासूनही ती साखळीपेक्षा जास्त वाचवते.

सर्पमित्रांबद्दलही एक बोलायला हवे. रात्री-अपरात्री, पदरमोड करून धावणाऱ्या या लोकांनी महाराष्ट्रात असंख्य साप आणि माणसे वाचवली. पण पकडलेला साप बरणीत किंवा पोत्यात घालून, ‘उद्या दोन-तीन एकदम सोडू’ म्हणून स्वतःच्या घरी ठेवण्याची सवय काहींना असते. त्या घरातही मुले असतात, मांजर असते. पोते दाराला अडकवलेले असते आणि कुत्रा खालून उड्या मारत असतो. साप लगेच वन विभागाला कळवून, पकडला त्याच भागात सोडायचा असतो. ज्याला सापाचे सगळे कळते, त्याच्याच घरात मधले दार नसावे हे विचित्र आहे. लोकांनीही सर्पमित्राकडून साप गळ्यात घालून फोटो काढण्याचा आग्रह सोडावा. आपल्याकडची जुनी रीत या बाबतीत शहाणी होती. नागपंचमीला पाटावर चंदनाने नाग काढायचा किंवा गावाबाहेरच्या वारुळापाशी जाऊन नमस्कार करायचा. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, काही कापायचे नाही. टोपलीतला नाग दारात आणून त्याला दूध पाजण्याचे खूळ गारुड्यांचे. दात काढलेला, तहानलेला तो नाग मग काही दिवसांत मरे.

एवढे करूनही दंश झालाच तर? कुत्र्याचे थोबाड एकाएकी सुजले, लाळ गळू लागली, पापण्या जड झाल्या, मागचे पाय लटपटू लागले, लघवी तांबडी झाली, तर साप पाहिला नसला तरी दंशाचा संशय घ्यावा. गळ्यातला पट्टा ताबडतोब काढावा. सूज चढली की तोच फास होतो. घट्ट आवळपट्टी बांधू नये, चिरू नये, हळद-चुना लावू नये, मंत्र घालणाऱ्याकडे अर्धा तास घालवू नये. कुत्र्याला चालवू नये, उचलून न्यावे. मात्र दुखणारा कुत्रा मालकालाही चावतो, तेव्हा तोंडाला हात न लावता चादरीत घ्यावे. साप मारून पुरावा म्हणून सोबत नेण्याची गरज नाही. आपल्याकडचे प्रतिविष त्या चारही सापांवर एकत्रच चालते.

हे प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून तयार होते आणि माणसाला व जनावराला तेच देतात. त्याची मात्रा अंगाच्या वजनावर ठरत नाही. विष जेवढे शिरले तेवढे ते निष्प्रभ करायचे असते, म्हणून पाच किलोच्या पामेरियनला पंचवीस किलोच्या गावठी कुत्र्याहून कमी पुरेल असा हिशेब चालत नाही. माणसांना ते सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. पौडच्या ग्रामीण रुग्णालयातला साठा माणसांसाठी आहे; कुत्र्याला घेऊन तिथे हुज्जत घालण्यात वेळ जातो. आपल्या पशुवैद्यकाकडे प्रतिविष असते का, नसेल तर पिरंगुटपासून पुण्यापर्यंत कुणाकडे रात्री मिळते, ही चौकशी जूनच्या आत, कोरड्या दिवसांत करून ठेवायची. माल्याहून पुण्याला जाणारा तासा-दीड तासाचा रस्ता पावसात दोन तासांचाही होतो.

दोन क्रमांकही त्याच वेळी टिपून ठेवावेत. साप घरात किंवा अंगणात दिसला तर वन विभागाचा १९२६. जनावराला काही झाले तर पशुवैद्यकीय सेवेचा १९६२. आकडे तेच चार आहेत, फक्त दोन उलटे, आणि घाईत ते हमखास चुकतात. मोबाइलमध्ये एकाला ‘साप’ आणि दुसऱ्याला ‘कुत्र्याचे डॉक्टर’ असे नाव देऊन ठेवले, की घरातल्या आजीलाही रात्री दोन वाजता योग्य तो लावता येतो.